बिऱ्हाड कोणाच्या वाटेवर?

(निमोणे, ता. शिरूर, जि. पुणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नवराबायको दोघेही कामाला जातात, दोघांच्या वाटा परस्परविरुद्ध दिशांना फुटतात, अशा वेळी बिऱ्हाड कोठे करावे, हा विषय पक्षाच्या अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका पुष्कळांच्या मनात आली असेल. पाण्याचे वाटप, उसाचा भाव, कंत्राटी कामगारांचे हाल हे विषय समोर असताना हा घरगुती प्रश्न कोठून उपटला? परंतु ‘घरगुती’ या शब्दाखाली आपल्याकडे इतक्या सार्वजनिक गोष्टी दडपल्या गेल्या आहेत की तो शब्द ऐकला की कार्यकर्त्याने जरा सावध व्हावे. बिऱ्हाड कोठे करायचे हे नवराबायको रात्री जेवण झाल्यावर बसून ठरवतात हे खरे. तथापि ज्या दोन अंतरांमध्ये त्यांना निवड करायची असते ती अंतरे त्यांनी निर्माण केलेली नसतात. ती कारखान्याचे भूखंड आखणाऱ्याने, बदलीचा हुकूम काढणाऱ्याने आणि गाड्यांचे वेळापत्रक लिहिणाऱ्याने निर्माण केलेली असतात.

याचे प्रात्यक्षिक पाहायला फार दूर जायला नको. निमोण्यातच उभे राहून चहूकडे पाहावे. पश्चिमेला रांजणगावची औद्योगिक वसाहत. १९९० च्या दशकापासून तेथे मोटारी, धुलाईयंत्रे, दूरचित्रवाणी संच बनविणारे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान कारखाने आले. उत्तरेच्या अंगाला शिरूर, ज्याला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. तेथे तहसील, न्यायालय, महाविद्यालय, एसटीचे आगार. दक्षिणेला न्हावऱ्यावरून पुढे जाऊन भीमा ओलांडली की दौंड तालुका. तेथे रेल्वेचे जंक्शन, राज्य राखीव पोलीस दलाचे तळ, कुरकुंभची रासायनिक वसाहत. एका घरातला नवरा रांजणगावला पाळीवर आणि बायको दौंडकडच्या शाळेत, दवाखान्यात किंवा कचेरीत, अशी घरे या पट्ट्यात आता नवलाची राहिलेली नाहीत. तीस-चाळीस वर्षांपूर्वी ती विरळा होती. मुली शिकल्या, डी.एड., नर्सिंग, आयटीआय करून बाहेर पडल्या, ही चळवळीच्याच पुण्याईची गोष्ट आहे. त्यांना नोकरी कोठे मिळेल आणि त्या राहतील कोठे, याचा विचार मात्र चळवळीनेही फारसा केला नाही.

या पट्ट्याची आणखी एक खूण ध्यानात घेतली पाहिजे. शिरूर वाढले ते पुणे-नगर रस्त्याने, दौंड वाढले ते रेल्वेने. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे आणि अहमदनगर (म्हणजे आताचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान, याच शिरूरच्या रस्त्याने. दौंडला लोहमार्ग तर एकोणिसाव्या शतकातच पोहोचला होता. दोन्ही वाटा पुण्याला जातात. चाकाचे आरे जसे तुंब्यात जाऊन मिळतात तसे नगर रस्ता, सोलापूर रस्ता आणि लोहमार्ग पुण्यात जाऊन मिळतात. एका आऱ्यावरून दुसऱ्या आऱ्यावर जाणारी वाट मात्र क्षीण आहे. शिरूर-न्हावरे-चौफुला रस्ता आहे, भीमेवर पूल आहेत, माल वाहणारे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. परंतु पहाटे सहाच्या पाळीला किंवा शाळेच्या घंटेला पोहोचविणारी गाडी शोधू लागले की अडचण सुरू होते. म्हणून पुष्कळ नोकरदार जोडपी एक विचित्र दिसणारा मार्ग पत्करतात. ती वाघोलीला किंवा हडपसरला, म्हणजे पुण्याच्या वेशीवर, बिऱ्हाड करतात आणि तेथून रोज सकाळी उलट ग्रामीण भागाकडे निघतात. नकाशावर ही निव्वळ उधळपट्टी दिसते. त्या जोडप्याच्या दृष्टीने ती उधळपट्टी नसते, कारण पुण्यात गाड्या आहेत, मुलांची शाळा आहे, रात्री ताप चढला तर डॉक्टर आहे. दोन गावांची मधली जागा कागदावर मध्य असते. सोयींच्या दृष्टीने ती बहुधा दोन्हीकडून टोक असते.

बिऱ्हाड कोठे, या प्रश्नाला आपल्या समाजाने पूर्वी तीन उत्तरे दिली. तिन्ही आजही चालू आहेत.

पहिले उत्तर सर्वांत जुने: सासर. मुलगी लग्न होऊन जेथे जाईल ते तिचे गाव. या उत्तरात प्रश्नच उरत नाही, कारण निवड करणारा एक आणि जाणारा दुसरा असतो. शेती हेच उत्पादनाचे साधन होते आणि जमीन मुलाच्या नावाने उतरत होती, तोपर्यंत या रूढीला निदान एक आर्थिक आधार होता. आज नवरा घरच्या जमिनीवर राबत नाही, रांजणगावला कंत्राटदाराकडे हजेरी लावतो, आणि तरीही घर त्याच्याच वडिलांच्या गावी असावे हे गृहीत धरले जाते. पाया सरकला, भिंत मात्र जागेवर उभी. नोकरी करणाऱ्या सुनेला दूरचा पल्ला पडला तर सासू हळहळते, नवरा हळहळतो आणि शेवटी ‘झेपत नसेल तर सोड’ असे प्रेमानेच सांगितले जाते. प्रेमाने सांगितले म्हणून पगार बुडायचा थांबत नाही.

दुसरे उत्तर मुंबईच्या गिरण्यांनी दिले: घर दोन ठिकाणी तोडा. कोकणातला आणि सातारा, पुणे, नगरच्या घाटावरचा गडी गिरणगावात, त्याची बायको गावी. दहा-बारा जण एका खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांचे जेवण खानावळीत, म्हणजे गिरणगावातल्याच दुसऱ्या कोणा बाईच्या चुलीवर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ज्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले त्या याच खानावळवाल्या. इकडे गावात राहिलेली बायको शेत, जनावरे आणि म्हातारी माणसे सांभाळत होती. मालकाला मजूर स्वस्तात मिळत होता, कारण मजुराच्या कुटुंबाचा खर्च गावची जमीन आणि गावची बाई सोसत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात गिरणी कामगार महिनोन्‌महिने तग धरू शकला, त्यामागे ही गावाकडची चूलही होती. संपाच्या इतिहासात तिची नोंद फार थोडी आहे.

तिसरे उत्तर या परिसराला डोळ्यांपुढे दिसते. ते उसाच्या फडात आहे. शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. हंगामात बीड, अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. दोघांनी एकाच फडात, एकाच पालात राहायचे. एकाने दांडी मारली तर खाडा दोघांच्या हिशेबात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा या जोडीच्या मजुरीतल्या बाईच्या वाट्याला काय येते हे शहरातल्या लोकांना प्रथम कळले. येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, आपल्या अर्थव्यवस्थेत नवरा आणि बायको यांना एक जोडी मानून एकाच ठिकाणी काम देणारा मोठा व्यवसाय कोणता म्हणून शोधू गेले तर हा ऊसतोडीचा सापडतो. ज्यांना सर्वांत कमी मिळते त्यांची जोडी धरून ठेवण्यात मालकाचा फायदा आहे, म्हणून ती धरली जाते. कारखाना आणि सरकारी कचेरी यांना मात्र कामगार एकटाच आकाशातून पडला आहे असे वाटत असते.

आता थोडे गणित. पुष्कळ जोडपी म्हणतात, ‘आम्ही मध्यावर घर घेतले, म्हणजे कोणावरच अन्याय नको.’ हेतू चांगला आहे, परंतु गणित तपासून पाहावे. समजा दोघांच्या कामाच्या ठिकाणांमध्ये साठ किलोमीटरचे अंतर आहे आणि रस्ता सरळ आहे. घर नवऱ्याच्या कामाशेजारी घेतले तर तो शून्य आणि ती साठ. बरोबर मध्यावर घेतले तर दोघे तीस-तीस. त्याच्या कामापासून दहा किलोमीटरवर घेतले तर दहा आणि पन्नास. बेरीज प्रत्येक वेळी साठच. त्या रस्त्यावर घर कोठेही सरकवा, कुटुंबाचे एकूण अंतर एका किलोमीटरनेही घटत नाही. म्हणजे मध्यावरच्या घराने बचत होत नाही, केवळ वाटप बदलते. प्रश्न वाटपाचा आहे एवढे कळले की समाजवादी माणसाला त्यात रस वाटायला हरकत नसावी.

पण माणूस किलोमीटर खर्च करीत नाही, वेळ खर्च करतो. त्याच उदाहरणात समजा नवऱ्याकडे मोटारसायकल आहे आणि ती तासाला चाळीस किलोमीटर जाते. बायको एसटीने किंवा वडापने जाते. थांब्यावरची वाट पाहणे धरून तिचा वेग तासाला वीस पडतो. आता मध्यावरच्या घरापासून त्याला पाऊण तास लागतो, तिला दीड तास. सारख्या अंतराचा न्याय तेथेच संपला. दोघांना सारखा वेळ लागावा असे वाटत असेल तर घर तिच्या कामापासून वीस आणि त्याच्या कामापासून चाळीस किलोमीटरवर हवे. मग दोघांनाही एक-एक तास. आणि कुटुंबाचा एकूण वेळ सर्वांत कमी कोठे होतो? घर त्याच्या कामाशेजारी असेल तर तिचे तीन तास. मध्यावर असेल तर दोघांचे मिळून सव्वादोन तास. घर तिच्या कामाशेजारी असेल तर त्याचा दीड तास, तिचा शून्य. हा सारा हिशेब एका बाजूच्या प्रवासाचा. परतीचा धरून दुप्पट. ज्याचे वाहन संथ, त्याच्या कामाजवळ घर, असे साधे अंकगणित सांगते. रूढी याच्या नेमके उलट सांगते. अर्थात मोटारसायकल तिच्या हाती दिली तर सारे गणित फिरते. परंतु घरात दुचाकी एकच असेल तर ती कोणाच्या नावावर असते आणि सकाळी किल्ली कोण उचलतो, हे येथे बसलेल्या प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे.

याला जोड द्यायची ती घरकामाची. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि पुरुषांपैकी असे काही काम करणारे मुळात चौथ्या हिश्शाच्या आसपासच होते. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दोघांचेही थोडे कमी झाले, मधली दरी होती तेवढीच राहिली. सकाळचा डबा, पाणी भरणे, मुलाला शाळेत पोहोचविणे, संध्याकाळी गिरणीतून दळण आणणे हे सारे प्रवासाच्या तासांच्या अलीकडे आणि पलीकडे उभे असते. नवऱ्याचा एक तासाचा प्रवास त्याच्या विश्रांतीतून वजा होतो. बायकोचा एक तास तिच्या झोपेतून वजा होतो, कारण दुसरीकडून वजा करायला काही शिल्लकच नसते.

अर्थशास्त्र्यांनी या प्रश्नाकडे पाहिलेच नाही असे नाही. जेकब मिन्सर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा १९७८ सालचा कुटुंबाच्या स्थलांतरावरचा निबंध प्रसिद्ध आहे. कुटुंब जागा बदलते ते दोघांच्या नफातोट्याची बेरीज करून, असे त्याने मांडले. बेरीज नफ्याची आली की कुटुंब हलते, मग दोघांपैकी एकाचा त्यात तोटा का होईना. ज्याचा तोटा होतो आणि तरीही जो बरोबर जातो तो ‘बांधलेला’ प्रवासी. जो चांगली संधी सोडून मागे थांबतो तो ‘बांधलेला’ रहिवासी. बहुतेक वेळा ती बायको असते, हेही त्याने दाखविले. निदान अचूक आहे; अपुरी आहे ती त्यावरची चिकित्सा. बायकोची मिळकत कमी म्हणून बेरजेत तिचे वजन कमी. पण तिची मिळकत कमी का? पुष्कळदा तिने घराजवळचे हलके काम पत्करलेले असते म्हणून. ते का पत्करले? तर घर नवऱ्याच्या कामाजवळ होते म्हणून. कारण आणि परिणाम येथे एकमेकांची शेपटी धरून फिरतात. ‘ज्याचा पगार जास्त त्याच्या सोयीने घर’ हा हिशेब पहिल्या वर्षी व्यवहारी वाटतो. दहा वर्षांनी तोच दोघांच्या पगारातले अंतर वाढविणारे यंत्र बनलेला असतो. नवरा आजारी पडला, कंत्राट संपले, कारखान्याने टाळे लावले, की त्या घराला कळते की आपण दोन खांबांपैकी एक स्वतःच्याच हाताने कापला होता. रांजणगावसारख्या ठिकाणी, जेथे सहा-सात महिन्यांनी कामाला खंड देऊन माणूस कायम होऊ द्यायचा नाही ही सर्वपरिचित रीत आहे, तेथे तर हा धोका कल्पनेतला नाही.

सरकारी नोकरीत तरी काय आहे ते पाहू. पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, असे केंद्र सरकारने ३ एप्रिल १९८६ च्या परिपत्रकाने सांगितले आणि ३० सप्टेंबर २००९ रोजी ते अधिक जोर देऊन पुन्हा सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बँक ऑफ इंडियाच्या एका खटल्यात असा निर्वाळा दिला की हे इष्ट असले तरी नोकराचा तो हक्क नाही. २०२२ सालच्या मार्चमध्ये मात्र त्याच न्यायालयाने, केंद्रीय सीमाशुल्क खात्यातील बदल्यांच्या प्रकरणात, शासनाला बदलीधोरण आखताना कर्मचाऱ्याच्या कौटुंबिक जीवनाकडे आणि स्त्रियांवर पडणाऱ्या जादा ओझ्याकडे डोळेझाक करता येणार नाही असे सुनावले. एकतीस वर्षांत न्यायालयाची भाषा बदलली, हे मोलाचे आहे.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या शिक्षकांसाठी ग्रामविकास विभागाने २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्यांचे नवे धोरण आणले. त्यात ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा खास संवर्ग ठेवला आणि दोघांच्या शाळांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्याचा लाभ दिला. कुटुंब ही गोष्ट शासनाच्या कागदावर आली, हे पाऊल चांगलेच होते. पण मोजमाप किलोमीटरचे. हमरस्त्यावरचे एकतीस किलोमीटर पात्र ठरतात आणि मध्ये नदी असलेले, दोन गाड्या बदलायला लावणारे अठ्ठावीस किलोमीटर अपात्र ठरतात. शिवाय अंतराच्या दाखल्यावर सारे अवलंबून राहिल्यामुळे दाखले ‘मिळविण्याची’ कला वाढीला लागली आणि २०१८ च्या बदल्यांनंतर खोट्या अंतरांच्या तक्रारींचा पाऊस पडला. ज्या खऱ्याखुऱ्या जोडप्यांची गैरसोय होती ती या गदारोळात मागेच राहिली.

याच ग्रामविकास विभागाचा दुसरा नियम असा की शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक यांनी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहिले पाहिजे. सप्टेंबर २०१९ पासून त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला जाऊ लागला. दोन्ही नियम शेजारीशेजारी ठेवून पाहा. एक म्हणतो, तीस किलोमीटरच्या आत असाल तर तुम्ही एकत्रच आहात. दुसरा म्हणतो, प्रत्येकाने आपापल्या गावी राहा. पंचवीस किलोमीटरवरच्या दोन शाळांतल्या शिक्षक जोडप्याने दोन्ही नियम पाळायचे तर एका संसाराची दोन बिऱ्हाडे करावी लागतील. ते शक्य नसते, म्हणून ठराव मिळविला जातो; सरपंच सही करतो, शिक्षक घरभाडे भत्ता उचलतो, आणि सगळ्या गावाला ठाऊक असते की गुरुजी संध्याकाळच्या गाडीने जातात.

२०२२ साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय विधानसभेत काढला, तेव्हा शिक्षक संघटना संतापून रस्त्यावर उतरल्या. येथे आपल्या कार्यकर्त्यांची कुचंबणा होते, कारण शिक्षकही आपले आणि मुलाला शाळेत घालणारा शेतमजूरही आपला. शिक्षक गावात राहिला तर शाळेचा जीव वाढतो, हा पालकाचा अनुभव खोटा नाही. खोटा ठराव करून भत्ता घेणे समर्थनीय नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. गावाच्या सार्वजनिक जीवनात ग्रामसभेच्या ठरावाइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही आणि ती असत्यासाठी वापरली की उद्या पाण्याच्या ठरावालाही कोणी विचारणार नाही. मात्र नियम कामाच्या स्वरूपातून निघाला पाहिजे. उपकेंद्रातल्या परिचारिकेला रात्री बाळंतपणासाठी उठावे लागते. तिचे गावात राहणे हा तिच्या कामाचाच भाग आहे, म्हणून तिला तेथे नीट घर, पाणी आणि सुरक्षितता देणे हे शासनाचे देणे आहे. शिक्षकाकडून मागायचे ते शाळेच्या वेळेतले पूर्ण आणि ताजेतवाने शिकवणे. तो कोठे झोपतो याची चौकशी त्यानंतरची. दीड-दीड तास प्रवास करून शिक्षिका थकून वर्गात उभी राहते, तेव्हा नुकसान मुलांचे होते. म्हणून तिचा प्रवास कमी करण्यात पालकाचाही स्वार्थ आहे. ही गोष्ट पालकाला समजावून सांगता येते. त्यासाठी शिक्षकांच्या संघटनांनी भत्त्याचा प्रश्न आणि अंतराचा प्रश्न वेगळे करायला शिकले पाहिजे.

खाजगी कारखान्यात तर पती-पत्नी एकत्रीकरण हा शब्दही नाही. घरापासून फाटकापर्यंतची वाट ही कामगाराची खाजगी बाब, असे मालक मानतो. कायद्याने या समजुतीला एकदा तडा दिला आहे. २०१० च्या दुरुस्तीने कर्मचारी राज्य विमा कायद्यात अशी तरतूद आली की कामावर जाता-येता झालेला अपघात, काम आणि अपघात यांचा संबंध दिसत असेल तर, कामातलाच समजावा. २००३ साली पहाटेच्या पाळीसाठी घरून निघालेला मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार वाटेतच अपघातात मेला. नुकसानभरपाईचा निकाल उच्च न्यायालयात फिरला, आणि २०२५ सालच्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच्या कुटुंबाच्या बाजूने पुन्हा उभा केला. अशी वाट ही नोकरीच्या ओघातली धरता येते हे नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्याखालीही मान्य केले. बावीस वर्षे लागली. पण तत्त्व मान्य झाले. वाटेवरचे मरण कामाच्या हिशेबात येते. वाटेवर रोज जाणारे दोन-तीन तास अजून कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. कामगार संघटनांच्या मागणीपत्रात पगारवाढ असते, उपाहारगृह असते, गणवेश असतो. वाहतुकीचे कलम असले तर ते पुणे आणि शिरूरकडून येणाऱ्या गाड्यांपुरते. आडवाटेच्या गावांसाठी पाळीच्या वेळेला गाडी, आणि शेजारच्या चार कारखान्यांनी मिळून ती चालवावी, ही मागणी घालायला पैसाही फार लागत नाही.

एसटीच्या बाबतीत एक गैरसमज दूर केला पाहिजे. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट झाले, याचा फायदा निर्विवाद आहे. गाड्यांत स्त्रियांची गर्दी वाढलेली कोणालाही दिसेल. पण सवलत पैशांची झाली, वेळेची नाही. जी गाडी येतच नाही तिचे तिकीट अर्धे असले काय आणि पूर्ण असले काय! २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटीच्या संपात हे उघडे पडले. ज्या घरी दुचाकी होती ते घर चालत राहिले. जिची सारी भिस्त लाल गाडीवर होती तिला वडापच्या दारात लोंबकळावे लागले किंवा रजा टाकून घरी बसावे लागले. संपकऱ्यांचा प्रश्न खराच होता, पण त्या संपाची किंमत मोजणाऱ्यांत आणखी एक वर्ग होता हे विसरता कामा नये. गावात मुक्कामी गाडी असणे आणि ती पहाटे सुटणे, एवढ्या एका गोष्टीवर त्या गावच्या किती मुलींनी नोकरी धरावी हे ठरत असते. आगारातला वेळापत्रक लिहिणारा कारकून स्वतःला नियोजनकार समजत नसेल. आहे मात्र तोच.

तेव्हा बिऱ्हाड कोठे करावे? एखाद्या तरुण जोडप्याने विचारले तर कार्यकर्त्याने त्याला मध्यबिंदू काढून देऊ नये. आधी घरातल्या वाहनाचा आणि घरातल्या कामाचा हिशेब मांडायला सांगावा. त्यात बहुतेक वेळा घर तिच्या वाटेकडे सरकावे असेच निघेल. सासरच्या गावापासून वीस किलोमीटरवर भाड्याचे बिऱ्हाड केले म्हणजे आईबापांना टाकले, असा बोभाटा गावात होतो. तो थांबविण्याचे काम कार्यकर्त्याच्या शब्दाने होऊ शकते, आणि त्याच्या स्वतःच्या घरच्या वागण्याने अधिक होऊ शकते. पण जोडप्याला सल्ला दिला म्हणजे आपले काम झाले असे नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले तेव्हापासून वसाहतीसाठी जमीन, पाणी, वीज आणि रस्ता यांचे नियोजन होत आले. त्या जमिनीवर कामाला येणाऱ्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा पत्ता कोणत्याच आराखड्यात नव्हता. ‘मिशन शक्ती’त २०२२ पासून अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची ‘पाळणा’ योजना आहे. निमोण्यासारख्या मधल्या गावात असे पाळणाघर पहाटेपासून चालले, तर मधल्या गावात राहणे पुष्कळांना परवडू लागेल आणि पुण्याच्या वेशीकडचा लोंढा थोडा तरी थोपेल.

सुरुवात यापेक्षा लहान गोष्टीने करता येईल. निमोणे, न्हावरे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतून कोण, कोठे, किती वाजता कामाला जाते, कशाने जाते आणि केव्हा परत येते, याची घरोघर फिरून यादी करावी. स्त्रियांची नोंद वेगळी ठेवावी, आणि जिने प्रवासापायी काम सोडले तिची त्याहून वेगळी. ती यादीतून निसटते, कारण ती आता कोठेच जात नसते. पाच-सहा कार्यकर्त्यांचे हे पंधरा दिवसांचे काम आहे. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि तिच्या आधाराने न्हावरेमार्गे शिरूर-दौंड गाडीच्या वेळा पाळीला आणि शाळेला जुळवून मागाव्यात. शिरूर आणि दौंड ही दोन्ही आगारे एसटीच्या पुणे विभागातच मोडतात. अर्ज एकाच विभाग नियंत्रकाकडे द्यायचा आहे.